मेमरी कार्ड ‘राइट प्रोटेक्टेड’ म्हणतंय? फॉरमॅट मारण्याआधी हे करून बघा

गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या कॅमेऱ्यातलं कार्ड लॅपटॉपला लावलं. फोटो दिसत होते, उघडत होते. त्यातले हललेले, अंधारे शंभरेक फोटो निवडून डिलीट करायला गेले, तर विंडोजने पाटी लावली: डिस्क राइट प्रोटेक्टेड आहे, म्हणजे तिच्यावर काही लिहिता-पुसता येणार नाही. मग मी तेच केलं जे बहुतेक जण करतात. नेटवर शोधलं, पहिला व्हिडिओ उघडला, त्यात दाखवल्याप्रमाणे काळ्या खिडकीत चार आज्ञा टाइप केल्या, रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगांच्या नोंदवहीत) शिरले, लॅपटॉप तीनदा बंद-चालू केला. दिवस गेला. संध्याकाळी भाचा घरी आला, त्याने कार्ड काढलं, कडेची बारकी खिटी नखाने वर सरकवली आणि चहा मागितला.

तेव्हापासून स्टाफरूममधली सगळी आजारी कार्डं माझ्याकडे येतात. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. ‘राइट प्रोटेक्टेड’ किंवा ‘रीड-ओन्ली’ (नुसतं वाचता येणारं) हे दुखण्याचं नाव नाही, ते नुसतं लक्षण आहे. तीच पाटी चार वेगवेगळ्या ठिकाणांहून येऊ शकते: कार्डाच्या कडेची खिटी, रीडर किंवा अडॅप्टर, कॉम्प्युटर किंवा कार्डावरची फाइल सिस्टिम (फाइली मांडून ठेवायची पद्धत), आणि खुद्द कार्ड. नेटवरचे बहुतेक उपाय तिसऱ्यापासून सुरू होतात आणि थेट फॉरमॅटवर जातात. आपण पहिल्यापासून जाऊ, कारण पहिल्या दोन ठिकाणी तपासायला दहा मिनिटं लागतात आणि पैसे लागत नाहीत.

जवळ काय काय हवं

- दुसरा एक कार्ड रीडर (शेजाऱ्याकडून मागून आणलेला चालेल)
- कार्ड मायक्रो असेल तर दुसरा अडॅप्टर (मायक्रो कार्ड मोठ्या खाचेत बसवायचं कवच)
- दुसरा लॅपटॉप किंवा कॅमेरा, निव्वळ तपासण्यापुरता
- हार्ड डिस्कवर कार्डाएवढी मोकळी जागा
- मोबाइलचा टॉर्च आणि सेलोटेप
- कार्डाचं बिल आणि पाकीट, सापडलं तर

१. आधी कॉपी, मग डॉक्टरकी

कार्ड लिहून घेत नाही, पण वाचता येतंय, ही खरं तर नशिबाची गोष्ट आहे. आतलं सगळं अजून हाताशी आहे. म्हणून दुसरं काहीही करण्याआधी कार्डावरचं सगळं लॅपटॉपवर उतरवून घ्या. कॅमेऱ्याचं कार्ड असेल तर ‘डीसीआयएम’ फोल्डर अख्खा उचला. निवडत बसू नका, निवडायचं काम नंतर. फक्त ‘कट’ करू नका, ‘कॉपी’च करा. कट म्हणजे कॉपी करून मूळ पुसणं, आणि पुसायला तर कार्ड तयार नाही. मग अर्धं इकडे, अर्धं तिकडे असा गोंधळ होतो.

कॉपी करताना मध्येच अडकलं, तर त्याच फाइलवर पुन्हा पुन्हा डोकं आपटू नका. ती सोडून पुढच्या घ्या. उरलेल्यांसाठी ‘फोटोरेक’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. दिसायला ओबडधोबड, पण काम चोख. ते कार्डावर काही लिहीत नाही, सापडलेले फोटो तुम्ही सांगाल त्या फोल्डरमध्ये काढून ठेवतं. तो फोल्डर लॅपटॉपवरचा द्या, त्याच कार्डावरचा नाही.

कॉपी झाल्यावर चार-पाच फोटो आणि एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत उघडून बघा. फोल्डर दिसला म्हणजे फोटो आले असं नसतं.

२. कडेची खिटी

मोठं एसडी कार्ड (३२ बाय २४ मिलिमीटरचं) लेबल आपल्याकडे आणि कापलेला कोपरा वर उजवीकडे येईल असं धरा. डाव्या कडेला वरच्या बाजूला एक सरकणारी खिटी असते. ती वर, म्हणजे सोनेरी पट्ट्यांच्या दिशेला असेल तर कार्ड मोकळं. खाली असेल तर लॉक.

आता गंमत ऐका. कार्डाच्या आतल्या चिपला या खिटीचा पत्ताच नसतो. खिटी कुठल्याही तारेला जोडलेली नाही. ती आहे नुसता प्लॅस्टिकचा तुकडा. कार्ड ज्या खाचेत घालतो तिथे एक बारीक स्प्रिंगचा खटका असतो, तो खिटी जाग्यावर आहे का ते चाचपून बघतो. ती दिसली नाही की रीडर किंवा कॅमेरा ठरवतो की लिहायचं नाही. ज्यांनी ऑडिओ कॅसेटी वापरल्यात त्यांना हे लगेच कळेल. कॅसेटच्या मागची पाकळी तोडली की तिच्यावर रेकॉर्ड होत नसे, आणि पुन्हा करायचं असेल तर आपण त्या भोकावर चिकटपट्टी लावायचो. अगदी तसंच.

पाळायचं की नाही हे शेवटी यंत्रच ठरवतं, याचा एक मजेशीर पुरावा आहे. कॅननच्या छोट्या कॅमेऱ्यांसाठी हौशी लोकांनी ‘सीएचडीके’ नावाचं सॉफ्टवेअर लिहिलंय. ते आपोआप सुरू व्हावं म्हणून कार्ड मुद्दाम लॉक करून घालायचं असतं, आणि सुरू झाल्यावर कॅमेरा त्याच लॉक कार्डावर खुशाल फोटो साठवतो.

या एका गोष्टीतून तीन बिघाड निघतात.

खिटी चुकून खाली गेलीय: वर सरकवा, झालं.

खिटी सैल झालीय: ही सगळ्यात फसवी. तुम्ही वर करता, पण कार्ड खाचेत ढकलताना घर्षणाने ती मागे सरकते, म्हणजे पुन्हा लॉक. बाहेर काढून बघावं तर ‘मी तर वर केली होती’. कार्ड काढल्याबरोबर खिटी कुठे आहे ते बघा, म्हणजे चोर सापडतो.

खिटी तुटून पडलीय: रिकामी खाच म्हणजे लॉक.

सैल आणि तुटलेल्या खिटीवर इलाज तोच, कॅसेटवाला. सेलोटेपचा छोटा तुकडा त्या खाचेवरून कडेला गुंडाळून लावा. पातळ टेप घ्या, एकच थर द्या, कोपरे नखाने दाबून बसवा आणि सोनेरी पट्ट्यांवर टेप येऊ देऊ नका. जाड टेप लावली तर कार्ड आत जाईल, पण बाहेर यायचं नाही, आणि मग कार्डाच्या दुरुस्तीची कॅमेऱ्याची दुरुस्ती होते. टेप लावलेलं कार्ड मी फक्त लॅपटॉपच्या स्वस्त रीडरमध्ये घालते. महागाच्या कॅमेऱ्यात घालायचं असेल तर नवीन कार्ड घ्या.

३. मायक्रो कार्ड, अडॅप्टर आणि रीडर

मायक्रो एसडीला (मोबाइलचं, नखाएवढं) खिटी नसतेच. तेव्हा ‘माझ्या मायक्रो कार्डाचं लॉक कुठंय’ म्हणून भिंगाने शोधू नका. खिटी असते ती अडॅप्टरला, आणि कार्डासोबत फुकट आलेल्या अडॅप्टरची खिटी हमखास सैल होते. अडॅप्टर बदलून बघा. मायक्रो थेट घालता येईल असा यूएसबी रीडर मिळाला तर आणखी चांगलं, अडॅप्टरचा प्रश्नच मिटतो.

मग रीडर. खाचेतला तो खटका धुळीने अडकला किंवा वाकला की रीडरला प्रत्येक कार्ड लॉकच वाटतं. म्हणून उलटी तपासणी करा: चांगलं चालणारं एखादं कार्ड त्याच रीडरमध्ये घाला. तेही ‘राइट प्रोटेक्टेड’ म्हणालं तर दोष रीडरचा. टॉर्च मारून आत बघा, धूळ असेल तर हवेने उडवा. पिन किंवा सुई घालू नका. आमच्याकडे एका सरांनी घातली होती, त्या लॅपटॉपची खाच आता शोभेची आहे.

जुन्या रीडरचा आणखी एक त्रास. ३२ जीबीपर्यंतची कार्डं एसडीएचसी प्रकारची, त्यापुढे २ टीबीपर्यंतची एसडीएक्ससी. फार जुना रीडर दुसऱ्या प्रकारासाठी बनलेलाच नसतो, आणि मग ६४ जीबीचं कार्ड त्यात काहीही सोंगं करतं. कार्डाच्या लेबलवर ‘एक्ससी’ लिहिलेलं असेल आणि रीडर दहा-बारा वर्षांचा असेल तर आधी रीडरवर संशय घ्या.

४. अख्खं कार्ड अडतंय की एखादीच फाइल?

इथवर सगळं ठीक निघालं तर एक प्रश्न स्वतःला विचारा: कार्डावर नवीन काहीच लिहिता येत नाही, की काही ठराविक फाइलीच हलत नाहीत?

काही फोटोच पुसले जात नसतील तर कॅमेऱ्यात त्यांच्यावर किल्लीचं चिन्ह आहे का बघा. कॅमेऱ्याच्या ‘प्रोटेक्ट’ बटणाने त्या फाइलीला रीड-ओन्लीचा शिक्का मारलेला असतो. कॅमेऱ्यातच काढा.

कार्ड विंडोजवर चालतं पण मॅकवर फक्त वाचता येतं, असं असेल तर कोणीतरी ते एनटीएफएस या विंडोजच्या फाइल सिस्टिममध्ये फॉरमॅट केलंय. मॅक एनटीएफएस वाचतो, पण मुळात त्यावर लिहीत नाही. कार्डात काहीही बिघडलेलं नाही.

मोबाइलमध्ये कार्डावर एकच ॲप लिहू शकत नसेल तर तो परवानगीचा मामला आहे. अँड्रॉइडने ४.४ आवृत्तीपासून (२०१३) ॲपांना कार्डावर मनमानी लिहायला बंदी केली. फोनसोबत आलेल्या फाइल मॅनेजरने प्रयत्न करा, त्याने जमलं तर कार्ड ठणठणीत आहे. आणि कार्ड फोनमध्ये ‘अंतर्गत साठवण’ म्हणून जोडलेलं असेल तर ते त्या फोनसाठी एन्क्रिप्ट होतं, म्हणजे दुसऱ्या कुणाला वाचता येत नाही. दुसरीकडे घातलं की ‘फॉरमॅट करायचं का’ असंच विचारेल. तेव्हा चुकूनही हो म्हणू नका, त्याच फोनमध्ये परत घालून डेटा काढा.

ऑफिसचा लॅपटॉप असेल तर तिथेच थांबा. बऱ्याच कंपन्या आणि बँका बाहेरच्या ड्राइव्हवर लिहायला धोरण म्हणून बंदी घालतात. घरच्या लॅपटॉपवर कार्ड चाललं की उत्तर मिळालं. ऑफिसच्या मशिनच्या रजिस्ट्रीत हात घालून नसती चौकशी ओढवून घेऊ नका.

५. विंडोजमधला शिक्का काढणं

आता ती काळी खिडकी. स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ शोधा, त्यावर उजवी क्लिक करून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. खालच्या आज्ञा मी देवनागरीत लिहितेय, तुम्ही इंग्रजी अक्षरांत टाइप करा. प्रत्येकीनंतर एंटर.

- डिस्कपार्ट
- लिस्ट डिस्क
- सिलेक्ट डिस्क, आणि पुढे तुमच्या कार्डाचा आकडा
- ॲट्रिब्यूट्स डिस्क
- ॲट्रिब्यूट्स डिस्क क्लिअर रीडओन्ली (शेवटचा शब्द एकच, मध्ये रेघ किंवा जागा नाही)

यादीत कार्ड ओळखायचं ते आकारावरून. ३२ जीबीचं कार्ड तिथे २९ जीबी दिसेल. घाबरू नका, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने. डिस्क ० म्हणजे बहुतेक वेळा लॅपटॉपची स्वतःची डिस्क. चुकून तिची निवड झाली तर सगळं मुसळ केरात. खात्री नसेल तर कार्ड काढा, ‘लिस्ट डिस्क’ करा, कार्ड लावा, पुन्हा करा. नव्याने आलेली ओळ तुमच्या कार्डाची.

बऱ्याच व्हिडिओंत यानंतर लगेच ‘क्लीन’ ही आज्ञा देतात. ती शिक्का काढत नाही, अख्ख्या डिस्कची विभागणीच उडवते. कॉपी झालेली नसेल तर तिकडे फिरकू नका.

चौथी आज्ञा मात्र शांतपणे वाचा, कारण खरं निदान तिथे आहे. तिच्या उत्तरात रीड-ओन्लीच्या दोन ओळी येतात. एक ‘सध्याची स्थिती’ सांगते, दुसरी फक्त ‘रीड-ओन्ली’ म्हणते. दुसऱ्या ओळीपुढे ‘यस’ असेल तर तो विंडोजने मारलेला शिक्का, पाचव्या आज्ञेने निघेल. दुसरीपुढे ‘नो’ आणि सध्याच्या स्थितीपुढे ‘यस’ असेल तर विंडोजचा दोष नाही. लॉक खालून येतंय: खिटी, रीडर किंवा कार्ड. मग पाचवी आज्ञा ‘यशस्वी झालं’ म्हणेल आणि काहीही बदलणार नाही. माझा तो दिवस याच ‘यशस्वी’वर विश्वास ठेवून गेला.

रजिस्ट्रीबद्दल थोडक्यात. ‘करंटकंट्रोलसेट’च्या ‘कंट्रोल’मध्ये ‘स्टोरेजडिव्हाइसपॉलिसीज’ नावाचा फोल्डर असेल आणि त्यात ‘राइटप्रोटेक्ट’ची किंमत १ असेल, तर ती ० करून मशिन पुन्हा सुरू करा. फोल्डर नसेलच तर तो नव्याने बनवायची गरज नाही. आणि दुसरी पेनड्राइव्ह त्याच लॅपटॉपवर नीट लिहिली जात असेल तर रजिस्ट्रीकडे जायचंच नाही, कारण ही नोंद एकट्या तुमच्या कार्डाला कशी अडवेल?

लिनक्सवाल्यांसाठी: फाइल सिस्टिममध्ये चूक दिसली की लिनक्स स्वतःहून कार्ड रीड-ओन्ली करतो, नुकसान वाढू नये म्हणून. ‘डीमेसेज’चा (टाइप करताना डी-एम-ई-एस-जी) शेवट वाचला की कारण कळतं. कार्ड लिहीत असताना उपटलं की असं होतं. कार्ड अनमाउंट करून ‘एफएसचेक’ (टाइप करताना एफ-एस-सी-के) चालवा. विंडोजवर हेच काम ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमधल्या ‘टूल्स’खालचं ‘चेक’ बटण करतं.

६. एक बारकी परीक्षा

काही कार्डं ‘नाही’ म्हणतच नाहीत. फाइल घेतात, फोटो पुसतात, अगदी फॉरमॅटही होतात. आणि काढून पुन्हा लावलं की जुनं सगळं जसंच्या तसं. पहिल्यांदा बघाल तर भूतबाधा वाटेल.

परीक्षा अशी: कार्डावर एक छोटी टेक्स्ट फाइल ठेवा, एक नको असलेला फोटो पुसा. ‘सेफली रिमूव्ह’ करून कार्ड काढा. थोड्या वेळाने लावा. नवी फाइल गायब आणि पुसलेला फोटो परत हजर असेल तर कार्डाने लिहिणं कायमचं बंद केलंय.

असं का होतं? आतल्या फ्लॅश मेमरीचे कप्पे ठराविक वेळाच पुसून पुन्हा लिहिता येतात. झिजलेल्या कप्प्यांच्या जागी वापरायला कार्डाकडे काही राखीव कप्पे असतात आणि कार्डातला कंट्रोलर ते गुपचूप बदलत राहतो. राखीव साठा संपला की, निदान आहे ते तरी वाचता यावं म्हणून, बरेच कंट्रोलर लिहिणं थांबवतात. गाडीच्या डॅशकॅममधली आणि सीसीटीव्हीतली साधी कार्डं अशी लवकर जातात, कारण तिथे चोवीस तास लिहिणं चालू असतं. अशा कामाला ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेली कार्डं मिळतात, तीच घ्या.

आमच्या घरच्या डॅशकॅमचं कार्ड असं गेलं तेव्हा मी ते सात वेळा फॉरमॅट केलं. सातही वेळा ‘झालं’ अशी पाटी आली, आणि सातही वेळा टोलनाक्यावरचा तोच ट्रक पुन्हा दिसला. या अवस्थेतल्या कार्डावर घरी चालणारा इलाज नाही. ‘राइट प्रोटेक्शन रिमूव्हर’ म्हणून नेटवर मिळणारी सॉफ्टवेअरं इथे काही करू शकत नाहीत, आणि त्यातली काही लॅपटॉपवर भलतंच काहीतरी बसवून जातात.

७. परीक्षा पास झाली तरच फॉरमॅट

लिहिलेलं टिकतंय, पण कार्ड अधूनमधून रुसतंय, अशा वेळी फॉरमॅट योग्य. एसडी असोसिएशनचं स्वतःचं मोफत ‘एसडी मेमरी कार्ड फॉरमॅटर’ आहे, ते विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालतं. तेच वापरा, आणि नंतर ज्या कॅमेऱ्यात घालायचंय त्यात एकदा फॉरमॅट करा. ३२ जीबीपर्यंत फॅट ३२ ही फाइल सिस्टिम, त्यापुढे एक्सफॅट, हे फॉरमॅटर स्वतःच ठरवतो.

स्वस्तात मिळालेलं मोठ्या क्षमतेचं कार्ड असेल तर फॉरमॅटनंतर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ चालवा. नकली कार्ड १२८ जीबीची बतावणी करतं, आत खरी जागा ८ जीबी असते. ती भरली की पुढचं सगळं हवेत. हे सॉफ्टवेअर कार्ड काठोकाठ भरून परत वाचतं, त्यामुळे वेळ लागतो. रात्री लावून झोपा.

८. गेलेल्या कार्डाचं काय करायचं

बिल असेल तर वॉरंटी बघा. नावाजलेल्या कंपन्या कार्डांना बरीच वर्षं वॉरंटी देतात, आणि लिहिता न येणारं कार्ड बदलूनही मिळतं. पण पाठवण्याआधी विचार करा: ज्या कार्डावर लिहिता येत नाही ते पुसताही येत नाही. आतलं सगळं, मुलांचे फोटो, आधार कार्डाचे स्कॅन, कार्डासोबत जाणार. दुकानात ‘बघा जरा’ म्हणून ठेवून येतानाही हेच लागू. त्यात खाजगी काही असेल तर मी तरी नव्या कार्डाचे पैसे सोडते आणि जुनं पाठवत नाही.

ते नुसतं कचऱ्यात टाकूही नका. मायक्रो असेल तर पकडीने धरून मधोमध तोडा. मोठ्या कार्डाचं कवच आधी उघडा, कारण आतली चिप कवचापेक्षा बरीच लहान असते आणि कात्री नुसत्या प्लॅस्टिकवर चालून चिप शाबूत राहू शकते. काळा चौकोन दिसला की त्याचे दोन तुकडे करा. चष्मा लावा, तुकडे उडतात.